वर्षावनाची सहल

आमच्या कन्येच्या भूगोलाच्या पुस्तकात वर्षावनाचे एक रंगीत चित्र आहे. ॲमेझॉनचे रान, झाडाला झाड लागलेले आणि बाराही महिने हिरवेगार. ते पाहिल्यापासून तिने धोशा लावला, "बाबा, आपण एकदा वर्षावन पाहू या." प्राध्यापकाच्या खिशाला ब्राझील परवडत नाही, हे मी तिला पटवले, पण आपल्या सह्याद्रीतही, आंबोलीकडे, सदाहरित रान आहे, हे सांगण्याची चूक केली. अकोल्याहून आंबोली म्हणजे तरी काय शेजार आहे?

शेवटी महालक्ष्म्यांसाठी हिवरखेडला, आमच्या गावी, गेलो असता तडजोड निघाली. काका म्हणाले, "कायले दूर जाता बाप्पा? वारीले जा. मारुतीचं दर्शन घ्या, रान पाहा, अन् सांजेले घरी या." सोबतीला त्यांनी आपला जुना सालदार दिला. तो जातीचा कोरकू; डोंगरातच वाढलेला.

या रानाशी आपली जुनी ओळख आहे, असा माझा समज होता. लहानपणी हिवरखेडहून खांडव्याकडे जाणाऱ्या मीटरगेज गाडीत बसायचे, आणि धूळघाटापाशी रूळ स्वतःलाच वळसा घालून डोंगर चढत, तेव्हा खिडकीतून गाडीचे शेपूट पाहायचे. ती गाडी आता गेली. पण खिडकीतून पाहिलेले रान आणि प्रस्तावना वाचून मिटलेले पुस्तक यांची योग्यता सारखीच, हे मला त्या दिवशी कळले.

वारीला वान नदी सातपुड्यातून बाहेर पडते. तिथेच तिला हनुमान सागर धरणाने अडवले आहे. मागे वानचे अभयारण्य. १९७३-७४ साली देशातले जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांपैकी मेळघाटाचा हा भाग. भाद्रपदातला डोंगर असा हिरवा होता, की कन्येने टाळ्याच वाजवल्या. "बाबा, हे कोणतं झाड?"

"वृक्ष," मी म्हणालो.

सालदार हसला. मग त्याने एकेक झाड दाखवले : हा साग, हा धावडा, हा मोह, हे तेंदू, मगरीच्या पाठीसारखी साल असलेला तो ऐन. वीस वर्षे मी वर्गात निसर्गकविता शिकवतो आहे! पत राखण्यासाठी मी घाईघाईने सांगितले, की 'कोरकू' या शब्दाचा अर्थ 'माणसे', आणि ती भाषा मराठीच्या नव्हे, संथाळी-मुंडारीच्या घराण्यातली. कन्येने माझ्याकडे पाहिलेही नाही. तिने सालदारालाच विचारले, "हे वर्षावन आहे ना?"

"चैतात येजो पोरी. झाडावर पान दिसनार नाही."

तिचा चेहरा उतरला. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्या अकोल्याला आठशेच्या आतबाहेर; तोही बहुतेक चार महिन्यांत. उरलेले आठ महिने काढायचे, तर झाडाला पाने सांभाळणे परवडत नाही. सालदाराने हेच एका वाक्यात सांगितले, "पान ठेवलं तं पानी लागते, झाड हिशेबी असते." गळलेले पान जमिनीवर अंथरले जाते, पडणारा पाऊस त्यात मुरतो, आणि ओढे हळूहळू वाहतात.

"म्हणजे हे खरं वर्षावन नाहीच," कन्या पुटपुटली.

इतका वेळ गप्प असलेली तिची आई तेव्हा खाली पाण्याशी गेली. ओंजळ भरून तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "गोड आहे गं."

तिचे माहेर पूर्णेकाठी, खारपाणपट्ट्यात. "आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे," ती मुलीला सांगू लागली. "गोड्या पाण्याचा एक हंडा आणायला आम्ही दोघी बहिणी पहाटे निघायचो. आता आजीच्या नळाला येतं ना, ते याच धरणाचं पाणी. याच डोंगरातलं."

आमच्या लग्नाला अठरा वर्षे झाली. कुणाकडेही गेले, की ही आधी पाण्याचा एक घोट घेऊन थांबते, पेल्यात उरलेले पाणी तुळशीला घालते, आणि मी तिची थट्टा करतो. त्या थट्टेची मला वारीच्या काठावर लाज वाटली. डोंगराचे मी 'वृक्ष' म्हणून भागवले, तसेच घरच्या माणसाचेही भागवत आलो होतो.

परतताना कन्या आईचा हात धरून चालत होती. घरी आल्यावर तिने जाहीर केले, "चैत्रात पुन्हा यायचं. पानं नसलेलं रान बघायला." आणि मला गृहपाठ मिळाला आहे : तोवर पंचवीस झाडांची नावे पाठ करायची. 'वृक्ष' चालणार नाही.