जुन्या घराच्या खोल्या

गेल्या चवथीस पेडण्याच्या घरी आम्ही सारे जमलो असता कै. काकांनी स्वहस्ते लिहून ठेवलेले वाटणीपत्र बाहेर निघाले. त्यात एक वाक्य होते : ‘जुन्या घराच्या खोल्या धाकट्याकडे राहाव्यात.’ थोरले चुलतबंधू म्हणाले, ‘जुन्या’ हे विशेषण खोल्यांचे. सबब मागील पडवीच्या जागी नंतर बांधलेल्या दोन खोल्या यात येत नाहीत. धाकटे म्हणाले, विशेषण घराचे. तेव्हा त्यातील सर्व खोल्या माझ्या. मराठी व्याकरण दोघांच्याही बाजूने साक्ष देते, हीच पंचाईत!

डिचोलीहून आलेला माझा भाचा संगणकशास्त्र शिकतो. तो म्हणाला, “मामा, हा तर आमच्या पाठातला पेच!”

त्याने सांगितले ते असे. आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणाऱ्या कंपायलरला आधी वाक्याची रचना ओळखावी लागते. एका पद्धतीत तो डावीकडून एकेक शब्द उचलून रचीत जातो आणि व्याकरणाचा एखादा नियम पुरा झाला की त्या शब्दांची मोळी बांधतो. लहान मोळ्यांच्या मोठ्या होत अखेर सबंध वाक्याची एकच मोळी उरते. पावलोपावली प्रश्न एकच : आता बांधावे, की पुढचा शब्द उचलावा? ‘जुन्या घरा’ एवढे वाचून समोर ‘च्या’ दिसताच यंत्र नेमके येथेच अडते.

व्याकरण या पद्धतीस योग्य आहे की नाही, हे नुसते पाहून कळत नाही. कोष्टक मांडावे लागते. वाचनाच्या प्रत्येक अवस्थेस एक ओळ, पुढे येऊ शकणाऱ्या प्रत्येक शब्दास एक रकाना. प्रत्येक चौकोनात फार तर एकच आज्ञा आली तर व्याकरण उत्तीर्ण. कोठेही दोन आल्या तर अनुत्तीर्ण. ही पद्धत डोनाल्ड क्नूथ यांनी १९६५ साली मांडली. पुढचे किती शब्द पाहावयाचे हे ठरवून दिले तर परीक्षा निश्चित पुरी होते. परंतु ‘पुरेल असा कोणताही आकडा आहे काय?’ या प्रश्नास सर्व व्याकरणांना लागू पडेल अशी रीत असूच शकत नाही, हेही त्यांनीच सिद्ध केले.

पेच दिसला म्हणजे व्याकरण द्व्यर्थीच, असे मात्र नव्हे. कित्येकदा आणखी एक शब्द पुढे पाहिल्याने अथवा नियम निराळे लिहिल्याने तो सुटतो. ‘जुन्या घराची खोली’ म्हणताच ‘ची’ हा प्रत्यय निकाल देतो. ‘खोल्या’ म्हटले की कितीही पुढे वाचा, दोन्ही अर्थ उभेच.

बेल प्रयोगशाळेत स्टीव्हन जॉन्सन यांनी रचलेली, १९७५ साली प्रसिद्ध झालेली ‘याक’ ही आज्ञावली असे कोष्टक आपोआप मांडून पेच मोजून दाखविते. आणि निराळे काही सांगितले नसल्यास शब्द उचलणेच पत्करते. त्या न्यायाने ‘घराच्या खोल्या’ आधी बांधल्या जाऊन थोरल्यांचाच जय व्हावयाचा!

थोरले हे ऐकून हसले, पण क्षणभराने म्हणाले, “यंत्राने सोय पाहिली. बाबांच्या मनात काय होते, ते त्याला कसे कळावे?” आणि कागद ओढून त्यांनी लिहिले : ‘जुने जे घर, त्याच्या सर्व खोल्या धाकट्याकडे.’

दोन खोल्या गेल्या. चवथ एकत्र राहिली.