नाचता येईना, काडतूस वाकडे

फायरिंग संपले, टार्गेट खाली आले आणि ग्रुपिंग मोजले गेले की आमच्या डॉर्ममध्ये संध्याकाळी एक वाक्य हमखास ऐकू येते : "राउंडच खराब होते यार!" पूर्वी दोष रायफलला मिळायचा. हल्ली तो काडतुसाला मिळतो, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणांनी रीलोडिंगचे व्हिडिओ पाहिले आहेत. अमेरिकेत, युरोपात लांब पल्ल्याचे शूटर आपली काडतुसे आपणच भरतात. आपल्यालाही तशी मिळाली तर आपणही मेडल आणू, असा या म्हणण्याचा सूर असतो.

मला या विषयावर दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, रीलोडिंग काय असते हे प्रत्येक कॅडेटने समजून घ्यावे. दुसरी, ते करण्याच्या भानगडीत आपल्या वयात कोणीही पडू नये. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतील, पण तशा नाहीत.

आधी समजून घेऊ. रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात : पितळी खोखा, त्याच्या बुडाशी प्रायमर, आत बारूद आणि तोंडाशी गोळी. फायर केल्यावर गोळी जाते, बारूद जळते, प्रायमर फुटतो. खोखा मात्र शिल्लक राहतो, आणि चारही भागांत सगळ्यात टिकाऊ तोच. रीलोडिंग करणारा तो खोखा तपासतो, साफ करतो, जुना प्रायमर काढतो, फुगलेले पितळ साच्यात दाबून पुन्हा मापात आणतो, वाढलेली मान कापतो, मग नवा प्रायमर, तोलून घेतलेले बारूद आणि शेवटी गोळी बसवतो. बारूद ग्रेनमध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम, आणि हे लोक ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत काळजी घेतात.

एवढा खटाटोप कशासाठी? गोळीचा वेग वाढवण्यासाठी, असे आमच्यातल्या बहुतेकांना वाटते. खरे कारण वेगळे आहे. दर वेळी वेग सारखा राहावा, यासाठी हे सगळे चालते. नववीच्या विज्ञानात आपण गतीची समीकरणे शिकलो. तेच गणित इथे लावून पाहा. ९०० मीटर अंतर गोळीने सरासरी ५५० मीटर प्रतिसेकंद वेगाने कापले, तर तेवढ्या वेळात ती सुमारे १३.१ मीटर खाली पडते. तीच सरासरी ५४० झाली, तर ती सुमारे १३.६ मीटर पडते. वेगात फक्त १० मीटरचा फरक पडला आणि गोळी अर्धा मीटर खाली गेली! लांब पल्ल्याचे शूटर एकेक दाणा का तोलतात, ते इथे कळते.

आता आपल्या रेंजवर या. आपण वापरतो ती पॉइंट टू-टू रायफल. तिचे काडतूस रिमफायर असते. त्यात वेगळा प्रायमर नसतो. पेटणारा मसाला खोख्याच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटते. एकदा कड चेपली की तो खोखा पुन्हा वापरण्यासारखा राहत नाही. म्हणजे ज्या काडतुसाबद्दल आपण हळहळतो, ते सहसा कोणी शूटर घरी भरत बसत नाही.

मग ऑलिम्पिकचे शूटर काय करतात? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी ब्राँझ मिळवले. त्यांचा तो इव्हेंट पॉइंट टू-टूचाच. तिथे कोणाला काडतूस भरता येत नाही, ते निवडावे लागते. एकाच कंपनीच्या एकाच ब्रँडचे दोन लॉट एकाच रायफलमध्ये वेगवेगळे ग्रुप देतात. म्हणून मोठे शूटर आपली रायफल घेऊन कंपनीच्या टेस्ट रेंजवर जातात. इंग्लंडमधल्या एलीकडे अशी सोय आहे. तिथे रायफल शिकंज्यात घट्ट बांधून एकामागून एक लॉट फायर करतात आणि जो लॉट त्या बॅरलला मानवतो, तोच विकत घेतात.

"म्हणजे काडतुसाने फरक पडतोच की!" असे तुम्ही म्हणाल. पडतो. पण किती पडतो, तेही मोजू. ५० मीटरवर सरासरी वेग ३२० ऐवजी ३१० झाला, तर गोळी जवळजवळ ८ मिलीमीटर खाली लागते. ५० मीटरच्या टार्गेटवर एका रिंगची रुंदी ८ मिलीमीटरच असते, म्हणजे एक पूर्ण गुण गेला. स्वप्नील यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. आपण मात्र २५ मीटरवर फायर करतो. तिथे हाच फरक २ मिलीमीटर होतो. आता दुसरा हिशेब करा. समजा, पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये ६० सेंटिमीटर अंतर आहे आणि ट्रिगर ओढताना पुढची साईट एक मिलीमीटर सरकली. २५ मीटरवर गोळी ४ सेंटिमीटर बाजूला जाईल. काडतुसाचे २ मिलीमीटर आणि आपले ४० मिलीमीटर, म्हणजे वीसपट! आपल्या आजींनी 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण टार्गेट न पाहताच तयार केली होती, पण ती रेंजवर तंतोतंत लागू पडते.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते. गेल्या सुट्टीत माझ्या एका मित्राने इंटरनेटवर रीलोडिंगचा प्रेस पाहिला आणि वाढदिवसाला तो हवा म्हणून घरी हट्ट धरला. घरच्यांना ते एखादे हस्तकलेचे यंत्र वाटले. पालकांनी इथे नीट लक्ष द्यावे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते. त्याच कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. बंदुकीचा साधा परवानासुद्धा २१ वर्षांच्या आत मिळत नाही. आमच्यापैकी निम्म्याहून जास्त मुले एनडीएचे स्वप्न बघत इथे आली आहेत. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून काहींची फी भरली आहे. आर्मीत जाताना पोलीस व्हेरिफिकेशन होते. पंधराव्या वर्षी हौसेपोटी शस्त्र कायद्याची केस अंगावर आली, तर त्या स्वप्नाचे काय होईल, हे समजायला गणित लागत नाही. शिवाय बारूद चुकीचे भरले तर रायफल हातात फुटू शकते. परदेशातही हे काम डोळ्यांवर चष्मा लावून, छापील तक्ता समोर ठेवून आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकतात. व्हिडिओत तो भाग कंटाळवाणा म्हणून कापलेला असतो.

आपल्याकडे फायरिंगनंतर खोखे मोजण्याची पद्धत आहे. जितके राउंड दिले तितके खोखे परत, नाहीतर कोणी रेंज सोडायची नाही. मागच्या वर्षी एक खोखा कमी भरला आणि आमची पूर्ण प्लाटून दीड तास उन्हात गवत चाळत होती. एकाने तो की-चेन करायला खिशात टाकला होता. तेव्हा सगळे उस्तादांवर चिडले. मला मात्र उस्तादांचे पटते. चार भागांपैकी जो पुन्हा वापरता येतो तो खोखाच. आपल्या रायफलचा नसेल येत, पण फौजेतल्या मोठ्या रायफलच्या खोख्याचा हिशेब सुटला तर तो कुठे जाईल आणि कोण भरेल, हे कोणाला माहीत? सवय एकच हवी, खोखा लहान असो की मोठा.

मे महिन्यात मी चेन्नईला होतो, कारण बाबांची पोस्टिंग तिथे आहे. त्यांच्यासोबत एका रेंजवर दोनदा जायला मिळाले. तिथे तीनशे मीटरची रायफल चालवणारे एक वयस्कर तमिळ अंकल भेटले. मी त्यांना विचारले, "तुम्ही काडतुसे घरी भरता का?" ते हसून म्हणाले, "घरी मी फक्त इडलीचे साचे भरतो." मग त्यांनी आपली वही दाखवली. बारा वर्षांच्या नोंदी! तारीख, वेळ, तापमान, वारा, काडतुसाचा लॉट नंबर, प्रत्येक शॉट कुठे लागला आणि लागण्याआधी त्यांना तो कुठे जाईल असे वाटले होते.

चेन्नईत मे महिन्यातल्या कडक उन्हाच्या दिवसांना अग्निनक्षत्रम म्हणतात. सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि दुपारच्या सुमारास समुद्राकडून सुरू होतो, म्हणजे एकाच दिवसात तो दिशा बदलतो. अंकलच्या वहीत त्या बदलाची वेळ रोजच्या रोज लिहिलेली होती. काडतुसांचा डबा ते ओल्या टॉवेलजवळ सावलीत ठेवत होते. बारूद तापले की जास्त जोरात जळते, गोळीचा वेग वाढतो आणि ती वर लागते. त्यांनी एकही काडतूस भरले नव्हते. तरी रीलोडिंग करणारा ज्या सारखेपणासाठी धडपडतो, तो त्यांनी वहीतून मिळवला होता. सगळ्यात लांब रकाना कोणता होता माहीत आहे? 'माझी चूक'.

आता दुसरी बाजूही मान्य करतो. आपल्याला सरावाला राउंड फार थोडे मिळतात. चांगली मॅच काडतुसे परदेशातून येतात आणि महाग असतात. ज्या खेळाडूंकडे रीतसर परवाना आहे, त्यांची ही अडचण खरी आहे. पण त्यावर उपाय घराच्या गच्चीवर नाही, कारखान्यात आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून काडतुसे बनवतो आहे. भुसावळजवळ वरणगावला तसाच कारखाना आहे. तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात अरुवंकाडूला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बारूद बनते. ज्या देशाकडे हे सगळे आहे, त्याने आपल्या खेळाडूंसाठी ऑलिम्पिक दर्जाचे काडतूस बनवावे, ही मागणी आपण मोठ्या आवाजात करायला हवी. राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ ची. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, आपले मराठी माणूस. त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून आजही मुले नॅशनलला जातात. आमच्यातल्या काहींना तिथपर्यंत पोहोचायचे आहे. तिथे "राउंड खराब होता" ही सबब कोणी ऐकून घेणार नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. उस्तादांना विनंती : प्रत्येक कॅडेटला एक फायरिंग वही द्यावी आणि फायरिंगनंतर ती भरायला दहा मिनिटे द्यावीत. काडतुसाच्या डब्यावरचा लॉट नंबर फळ्यावर लिहावा, म्हणजे आम्हालाही कळेल की कोणता लॉट कसा चालला. बारूद काढलेले, मधोमध कापलेले एक काडतूस विज्ञानाच्या लॅबमध्ये ठेवता आले तर फारच छान. पालकांना विनंती : मुलाने प्रेस मागितला तर रागावू नका, पण घेऊनही देऊ नका. एक जाड वही आणि एक चांगली पट्टी द्या.

आणि मित्रांनो, तुम्हाला विनंती : आपले टार्गेट फाडून फेकू नका. ग्रुप मोजा आणि वहीत चिकटवा. ग्रुप लहान असून एका बाजूला गेला असेल तर साईट बघा. विखुरलेला असेल तर श्वास आणि ट्रिगर बघा. सलग पाच फायरिंग हे करा. त्यानंतरही दोष काडतुसाचाच निघाला, तर वही घेऊन उस्तादांकडे जा. मी तुमच्यासोबत येईन.