उल्लेखांची मोजदाद आणि कमलाबाई सोहोनी

रायपूरच्या रुग्णालयांत सिकलसेलची रक्ततपासणी ही नित्याची बाब आहे. छत्तीसगडमधील अनेक समाजांत हा आनुवंशिक विकार आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि तेवढ्याने प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. हा एका घटकाचा फरक व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवून दिला. आज रक्त तपासणाऱ्याला त्यांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. ज्ञान सर्वांचे झाले की कर्त्याचे नाव त्यातून गळून पडते. रॉबर्ट मर्टन यांनी विज्ञानातील या प्रक्रियेकडे लक्ष वेधले. लोकगीतांच्या अभ्यासकांना मात्र ती नवी नव्हती.

संशोधकाचे मोल त्याच्या निबंधांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला यावरून ठरविण्याची रीत आता विद्यापीठांत रुळली आहे. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडलेली मूळ कल्पना ग्रंथपालाच्या सोयीची होती: एका निबंधावरून त्याच्याशी संबंधित पुढचे निबंध शोधता यावेत. १९६४ पासून तशी सूची छापली जाऊ लागली आणि शोधण्याचे साधन हळूहळू तोलण्याचे माप बनले. २००५ मध्ये हर्श यांच्या निर्देशांकाने तर उभी कारकीर्द एका आकड्यात बसविली.

हे माप कितपत खरे, हे पाहण्यास कमलाबाई सोहोनी यांचे उदाहरण पुरेसे आहे. हिमोग्लोबिनात लोह धारण करणारा हीम नावाचा जो गट असतो, त्याच जातीचा गट पेशींच्या श्वसनात भाग घेणाऱ्या सायटोक्रोम या प्रथिनांतही असतो. कमला भागवत १९३७ मध्ये केंब्रिजला गेल्या. हॉपकिन्स यांच्या विभागात प्रथम डेरेक रिक्टर व नंतर रॉबिन हिल यांच्यासमवेत त्यांनी काम केले. बटाट्यावरील अभ्यासातून वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असल्याचे त्यांना आढळले. हिल यांच्यासह त्यांचे टिपण १९३९ मध्ये 'नेचर'मध्ये आले. त्याच वर्षी त्या पीएच.डी. होऊन परतल्या. वनस्पतींच्या श्वसनात सायटोक्रोम असतात हे आज कोणतेही पाठ्यपुस्तक सांगते, पण त्यासाठी भागवतांचा हवाला देण्याची गरज कोणास वाटत नाही. बंगलोरच्या संस्थेत रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारल्याची हकीकत मात्र पुनःपुन्हा सांगितली जाते. ती सांगितलीच पाहिजे. पण नकार लक्षात राहावा आणि शोध विसरला जावा, हा न्याय विचित्रच.

त्यात नावाचा घोटाळा. १९४७ मध्ये विवाहानंतर त्या सोहोनी झाल्या. हिल यांच्यासमवेतचा १९५१ चा निबंध माहेरच्या आडनावाने निघाला; मुंबईच्या विज्ञान संस्थेतून वाल व डबल बी यांतील ट्रिप्सिनरोधकांवर १९५५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला निबंध सोहोनी या नावाने. भागवत हे नाव रोमन लिपीत पुन्हा कोठे 'व्ही'ने, तर कोठे 'डब्ल्यू'ने लिहिलेले. केवळ अक्षरे जुळवून मोजणाऱ्यास येथे दोन-तीन वेगवेगळ्या व्यक्ती दिसतील. थोरल्या भगिनी दुर्गाबाई अविवाहित राहिल्या, म्हणून त्यांचे सारे ग्रंथ ग्रंथालयाच्या एकाच खणात सापडतात. विद्वत्तेशी या फरकाचा संबंध काय?

तथापि उल्लेख ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. मॅकमन नावाच्या एका डॉक्टराने १८८० नंतरच्या दशकात वर्णपटदर्शकातून प्राण्यांच्या ऊतींतील हेच रंगद्रव्य पाहिले होते. होप-झायलर यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाने ते अमान्य केले, आणि मॅकमन १९११ मध्ये निवर्तले. १९२५ मध्ये डेव्हिड कायलिन यांनी त्याच द्रव्याला सायटोक्रोम हे नाव दिले, तेव्हा त्यांनी मॅकमन यांच्या कार्याची सविस्तर दखल घेतली. हा उल्लेख एकच. पण गणकयंत्रातून निघणाऱ्या शेकडो औपचारिक उल्लेखांहून त्याचे वजन अधिक आहे. त्यामागे कायलिन यांचे वाचन होते.

भारतीय भाषांच्या अध्यापकांनी हे सारे परक्या शास्त्राचे भांडण समजू नये. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियुक्ती व बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. नियतकालिकाच्या प्रभावांकावरून निबंधाला वाढीव गुण मिळू लागले. जागतिक सूच्यांत मराठी नियतकालिके जवळजवळ नाहीतच. तेव्हा 'लोकसाहित्याची रूपरेषा' लिहिणाऱ्या आणि मध्य प्रांतातील आदिवासींच्या गीतांचा अभ्यास करणाऱ्या दुर्गाबाईंसारखी विदुषी आज उमेदवार म्हणून आली, तर तिच्या नावापुढे जवळजवळ शून्य पडेल. त्याच रकान्यात सायटोक्रोमचा शोध घेणाऱ्या तिच्या बहिणीचा आकडाही अर्धामुर्धाच पडेल. निवड समित्यांनी आधी उमेदवाराचे दोन निबंध वाचावेत आणि मगच आकड्याकडे पाहावे. वाचायला वेळ नाही, ही सबब भाषाविभागांच्या तोंडी तरी शोभत नाही.