विश्लेषण : गेम लांबला तर चालेल, पण स्टुडिओ गप्प का बसतात?

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ची तारीख दोनदा पुढे गेली आणि जगभरातल्या खेळाडूंनी कपाळाला हात लावला. रॉकस्टार कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर दाखवताना २०२५ हे वर्ष सांगितले होते. मे २०२५ मध्ये तारीख २६ मे २०२६ झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती १९ नोव्हेंबर २०२६ वर गेली. या खेळाडूंनी अजून पैसे मोजलेले नव्हते, त्यामुळे चिडचिड झाली तरी खिशाला धक्का लागला नाही. पण गेम तयार होण्याआधीच ज्यांच्याकडून पैसे घेतले जातात, त्यांचे काय? तारीख हुकली तर त्यांना जाब कोणाला विचारता येतो? आणि पुण्या-मुंबईत उभ्या राहणाऱ्या आपल्या गेम उद्योगाने यातून काय घ्यावे?

हा प्रश्न मोडनिंबच्या वाचकाचा कसा?

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या मोडनिंबसारख्या गावात गेम म्हणजे मोबाइल. महागडे कन्सोल विरळाच. पण स्वस्त डेटा आणि यूपीआय आल्यापासून माढा तालुक्यातला कॉलेजचा मुलगाही पुण्याच्या मुलाइतक्याच सहजपणे एखाद्या गेमची आगाऊ नोंदणी करतो, ‘अर्ली ॲक्सेस’मध्ये अर्धवट गेम विकत घेतो किंवा परदेशी संकेतस्थळावरून एखाद्या स्टुडिओला पाठबळ देतो.

नोंदणी, वाट पाहणे आणि हुकलेली मुदत हे या भागाला नवे नाही. माढा तालुका उसाचा. शेतकरी कारखान्याकडे उसाची नोंद करतो, ऊस घालतो आणि बिलाची वाट पाहतो. तिथे निदान कायद्याने मुदत ठरवून दिली आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत रास्त दराची रक्कम द्यावी लागते आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. बिले तरीही थकतात, आंदोलनेही होतात, पण किती दिवस उशीर झाला हे शेतकऱ्याला बोट ठेवून दाखवता येते. गेमसाठी आधी पैसे देणाऱ्याला असा कोणताच आकडा दाखवता येत नाही.

नोंदणी, आगाऊ खरेदी आणि पाठबळ यांत फरक काय?

हे तीन वेगळे व्यवहार आहेत आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिला, प्ले स्टोअरवरची पूर्वनोंदणी. यात पैसे जात नाहीत. गेम आला की फोनवर सूचना येते, एवढेच. कंपनीला मात्र किती लोक वाट पाहत आहेत याचा आकडा मिळतो आणि तो गुंतवणूकदारांना दाखवता येतो.

दुसरा, आगाऊ खरेदी. यात पूर्ण किंमत आधी दिली जाते. संगणकावरच्या गेमचे मोठे दुकान असलेल्या स्टीमवर गेम प्रकाशित होईपर्यंत केव्हाही पैसे परत मागता येतात. ‘अर्ली ॲक्सेस’ हा त्याचाच चुलतभाऊ. गेम अपूर्ण असतो, पण खेळता येतो. आज गेम ज्या अवस्थेत आहे ती पसंत असेल तरच घ्या, अशी सूचना तिथे लिहिलेली असते. बहुतेक जण ती वाचत नाहीत.

तिसरा, लोकवर्गणी. किकस्टार्टरसारख्या मंचावर स्टुडिओ आपली कल्पना मांडतो, किती पैसे हवेत ते सांगतो आणि लोक पाठबळ देतात. ठरलेली रक्कम जमली तरच पैसे कापले जातात, नाही तर कोणाचेच नाही. पाठबळ देणारा ना धड ग्राहक, ना भागधारक. गेम गाजला तर नफ्यात वाटा नाही, बुडाला तर वस्तूची हमी नाही.

मराठी वाचकाला हा तिसरा प्रकार अगदीच परका नाही. ग्रंथासाठी प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरून वाट पाहण्याची सवय इथे अनेक घरांत होती. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशासारखी प्रचंड कामे वर्गणीदारांच्या भरवशावरच उभी राहिली.

गेम लांबतात का?

कारणे बहुतेक वेळा साधी असतात. गेमचे शेवटचे दहा टक्के काम सर्वाधिक वेळ खाते. मोबाइल गेम असेल तर शेकडो प्रकारच्या फोनवर तो चालला पाहिजे. दहा हजारांच्या फोनवर तो तापता कामा नये, अडखळता कामा नये. कन्सोलचा गेम असेल तर सोनी, निन्तेन्दो, मायक्रोसॉफ्ट यांच्या तपासणीतून जावे लागते. एक चूक दुरुस्त केली की दुसरी निघते.

लोकवर्गणीत आणखी एक सापळा आहे. पैसे ठरल्यापेक्षा जास्त जमू लागले की स्टुडिओ नवी आश्वासने देतो. अमुक रक्कम झाली तर आणखी एक शहर, तमुक झाली तर आणखी एक पात्र. पैसे वाढतात तसे कामही वाढते आणि तारीख मात्र जुनीच राहते.

पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातले प्राध्यापक ईथन मॉलिक यांनी २०१४ मध्ये किकस्टार्टरवरच्या प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या डिझाइन आणि तंत्रज्ञान प्रकल्पांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक प्रकल्पांनी सांगितलेली तारीख पाळली नव्हती. त्यांच्याच २०१५ च्या पाहणीत सुमारे ९ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नाही असे दिसले. याचा अर्थ बहुतेकांची दानत खोटी नसते, वेळेचा अंदाज चुकतो.

पुण्याचा अनुभव काय सांगतो?

महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत चांगली दोन उदाहरणे पुण्यातलीच आहेत.

पहिले ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने भारतीय पुराणकथांवर बेतलेला हा गेम करायला घेतला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली राजी ही त्याची नायिका. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर मदत मागितली, पण ठरलेली रक्कम जमली नाही. नियमाप्रमाणे कोणाचाही रुपया कापला गेला नाही. संस्थापकांपैकी एकाने फ्लॅट विकून काम सुरू ठेवले. पुढे अनुदान आणि प्रकाशक मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्तेन्दो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर मंचांवर आला. त्याच वर्षी ‘द गेम ॲवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम छोट्या गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. उशीर इथेही झाला, पण त्याचा भार स्टुडिओने स्वतःच्या डोक्यावर घेतला.

दुसरे ‘इंडस बॅटल रॉयल’. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२२ मध्ये तो जाहीर केला. पूर्वनोंदणी एक कोटीच्या पुढे गेली. गेम प्रत्यक्ष आला १६ ऑक्टोबर २०२४ रोजी. मधल्या काळात कंपनीने पात्रे, शस्त्रे, नकाशे यांविषयी माहिती देणे चालू ठेवले, खेळाडूंना बोलावून चाचण्या घेतल्या आणि मर्यादित लोकांना आधी गेम खेळायला दिला. ‘कधी येणार’ हा प्रश्न थांबला नाही, टिंगलही झाली. पण काम चालू आहे हे लोकांना दिसत राहिले.

याच्या उलट ‘फौ-जी’. पबजीवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली आणि दोनच दिवसांत अभिनेता अक्षय कुमारने बंगळूरुच्या एनकोर गेम्सचा हा गेम जाहीर केला. आधी ऑक्टोबर, मग नोव्हेंबर असे सांगितले गेले. गेम आला २६ जानेवारी २०२१ रोजी. उशीर फार नव्हता. अडचण होती ती अपेक्षेची. बंदीच्या लाटेत जाहीर झालेल्या गेमकडून लोकांनी पबजीचीच अपेक्षा धरली आणि हाती आला तेव्हा अनेकांचा हिरमोड झाला. काय येणार नाही, हे आधी स्पष्ट सांगणे हासुद्धा संवादाचाच भाग आहे.

जास्त बोलणे म्हणजे चांगला संवाद का?

तसे म्हणता येत नाही. ‘स्टार सिटिझन’ हा अंतराळातला गेम २०१२ मध्ये लोकवर्गणीला आला तेव्हा २०१४ चे आश्वासन होते. त्याचा जमा निधी २०२४ मध्ये ७० कोटी डॉलरच्या पुढे गेला. या स्टुडिओइतके सतत बोलणारे फार थोडे. व्हिडिओ येतात, कामाचा आराखडा प्रसिद्ध होतो, अपूर्ण गेम खेळताही येतो. पण पूर्ण गेम येण्याआधीच पैशांचा ओघ चालू असेल, तर काम संपवण्याची घाई कोणाला असणार?

दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियाचा टीम चेरी. या चिमुकल्या स्टुडिओने २०१४ मध्ये ‘हॉलो नाइट’साठी सुमारे ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमवले. त्या वेळच्या एका जादा आश्वासनातून ‘सिल्कसाँग’ हा वेगळा गेम जन्माला आला. तो २०१९ मध्ये जाहीर झाला. २०२३ मध्ये ‘आणखी वेळ लागेल’ एवढे सांगून स्टुडिओ जवळपास गप्प झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये तारीख आली आणि दोन आठवड्यांत, ४ सप्टेंबरला, गेमही आला. तो गाजला म्हणून मौन माफ झाले. पण हे मौन त्यांना परवडले ते पहिल्या गेमने कमावलेल्या विश्वासामुळे. नव्या स्टुडिओकडे ती पुंजी नसते.

मधला मार्ग डबल फाइनने दाखवला. २०१२ मध्ये त्यांनी ४ लाख डॉलर मागितले आणि ३३ लाखांहून अधिक मिळाले. कामाचे चित्रीकरण करून ते पाठीराख्यांना दाखवले. पैसे पुरणार नाहीत हे लक्षात आल्यावर २०१३ मध्ये तसे उघड सांगितले आणि गेम दोन भागांत, २०१४ आणि २०१५ मध्ये दिला. शिव्या खाव्या लागल्या, पण फसवले असे म्हणणे अवघड झाले.

जबाबदारी खेळाडूंचीही आहे. २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ काही आठवड्यांनी पुढे गेला तेव्हा त्याच्या निर्मात्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. असे झाले की स्टुडिओ तोंड उघडायचेच टाळतात आणि नुकसान सगळ्यांचे होते.

कायदा कुठवर साथ देतो?

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने लोकवर्गणीतल्या फसवणुकीचे पहिले प्रकरण २०१५ मध्ये हाती घेतले. एका बोर्डगेमसाठी जमलेले सुमारे १ लाख २२ हजार डॉलर चालकाने घरभाडे आणि खासगी खर्चात उडवल्याचा आरोप होता. परतफेडीचा आदेश निघाला, पण त्याच्याकडे पैसेच नसल्याने तो स्थगित ठेवावा लागला. न्याय कागदावरच राहिला.

भारतात ऑनलाइन गेमिंगसाठी २०२५ मध्ये नवा केंद्रीय कायदा झाला, पण त्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. लांबलेल्या गेमच्या पाठीराख्यांसाठी त्यात काही नाही. विकत घेतलेल्या गेमबाबत ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा आधार घेता येतो. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे मोडनिंबच्या ग्राहकाला सोलापूर पुरते. १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांकही आहे. मात्र लोकवर्गणीतले पाठबळ ही खरेदी ठरते का, हा वादाचा मुद्दा आहे आणि परदेशी स्टुडिओकडून वसुली त्याहून कठीण.

मग काय करायला हवे?

पैसे देणाऱ्याने आधी तीन गोष्टी पाहाव्यात : स्टुडिओने याआधी काही पूर्ण केले आहे का, खेळता येईल असा नमुना दाखवला आहे का आणि शेवटची खबर कधी दिली आहे. पाठबळ देताना रक्कम बुडाली तरी चालेल एवढीच ठेवावी. आगाऊ खरेदीत परताव्याचा नियम वाचावा.

स्टुडिओंकडून अपेक्षा त्याहून मोठी आहे. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले, त्यासाठी ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा मांडला. सार्वजनिक पैसा या क्षेत्राकडे येणार असेल तर संवादाचे साधे नियमही त्यासोबत यायला हवेत. लोकांकडून आगाऊ पैसे घेणाऱ्या स्टुडिओने महिन्यातून एकदा तरी काय झाले, काय राहिले आणि किती पैसे उरले हे सांगावे. तारीख हुकणार हे कळताच सांगावे, तारखेच्या आदल्या दिवशी नव्हे. आणि ठरावीक मुदतीनंतर परतावा मागण्याची सोय ठेवावी. हे नियम मराठीतही वाचता आले पाहिजेत.

उद्या मोडनिंबच्या एखाद्या मुलीने जुन्या लॅपटॉपवर गेम बनवला आणि तो पुरा करायला लोकांकडे पैसे मागितले, तर तिला ते मिळतील का, हे तिच्या आधीच्यांनी आपले पाठीराखे कसे सांभाळले यावर ठरेल. आज एखादा स्टुडिओ पैसे घेऊन गप्प बसला तर त्याची किंमत तिला मोजावी लागेल.