मागचा दिवा कोणी बघायचा?



शेवटच्या डब्यामागे टेल लॅम्प किंवा एल.व्ही. पाटी दिसली नाही, तर गाडी पूर्ण आली असे स्टेशन मास्तर धरत नाही आणि मागच्या गाडीला लाइन क्लिअर मिळत नाही. रेल्वेतल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. पण तोच कंटेनर वॅगनवरून उतरतो, ट्रेलरवर चढतो आणि यार्डाच्या फाटकाबाहेर पडतो, तेव्हा ट्रेलरचा मागचा दिवा बंद असला तरी बहुधा कोणी अडवत नाही. न्हावा-शेवा असो की दिल्लीचे तुघलकाबाद, फाटकाबाहेरचा रस्ता सारखाच. टपालाच्या थैल्या नेणाऱ्या लॉऱ्यांवरचे आपले साथी रात्री याच ट्रेलरांच्या मागून चालतात. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

ड्रायव्हरला विचारावे तर उत्तर ठरलेले: "वायरिंग गेलंय, पुढे बघू." आमचे म्हणणे असे की, बहुतेक वेळा वायरिंग गेलेले नसतेच. बिघाड क्रमाने शोधला तर तो सापडतो, आणि पुष्कळदा गाडी न हलवता सापडतो.

पहिला प्रश्न, दोष पुढच्या गाडीत की ट्रेलरमध्ये? सात पिनांची केबल काढून गाडीच्या सॉकेटवर टेस्ट लॅम्प लावा. प्रचलित रचनेत १ नंबरची पिन अर्थ, २ आणि ६ डाव्या-उजव्या टेल लॅम्पच्या, ३ आणि ५ इंडिकेटरच्या, ४ ब्रेकची. (वायरच्या रंगावर विसंबू नका, चार गॅरेजांतून फिरलेल्या ट्रेलरमध्ये रंगाला अर्थ उरत नाही.) येथे दिवा पेटला तर पुढची गाडी ठीक, दोष केबलमध्ये किंवा ट्रेलरमध्ये. दुसरी चांगली केबल मिळाली तर ती जोडून पाहा. निम्मे काम तिथेच होते. सरळ रस्त्यावर दिवे लागतात आणि वळणावर जातात, अशी तक्रार असेल तर ताणली जाणारी ही केबलच आधी पाहावी.

दुसरी गोष्ट अर्थची, आणि सर्वांत जास्त फसवते ती हीच. ब्रेक दाबला की टेल लॅम्प मंद होतो, इंडिकेटर दिला की भलताच दिवा लुकलुकतो. असे दिसले की बल्ब बदलत बसू नका. करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो आहे. पावसाळ्यात पिनांवर हिरवट थर चढतो, चॅसिसवरच्या अर्थच्या बोल्टखाली गंज धरतो. बोल्ट काढा, जागा चकचकीत घासा, घट्ट आवळा.

येथे मीटरही दगा देतो. वायरच्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली, तरी दिवा न जोडता मोजले तर मीटर चोवीस व्होल्ट दाखवतो. चोवीस व्होल्टवर एकवीस वॉटचा ब्रेकचा बल्ब जवळजवळ एक अँपिअर ओढतो. तेवढा भार त्या एका तारेला पेलत नाही. म्हणून दिवा चालू ठेवूनच तपासावे. दिव्याच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावा. आकडा शून्याजवळ हवा. एक-दोन व्होल्ट दिसले, तर दोष अर्थमध्येच.

फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर कुठेतरी वायर सोलवटून चॅसिसला लागते आहे. तिथे जाड तार घालणे म्हणजे आग विकत घेणे. एकच दिवा बंद असेल तर बल्ब आणि होल्डर पाहावा. चोवीसच्या गाडीत बाराचा बल्ब कोणी बसवला नाही ना, हेही.

आता मुद्द्याचे. या कामाला पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि ती कोणाच्या खात्यावर? मालक म्हणतो गाडी सोड, पोलीस दंड ड्रायव्हरच्या हातात देतो. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १९० सदोष वाहन किंवा ट्रेलर चालवणाऱ्याबरोबरच चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही दोषी धरते. ही शेवटची दोन नावे पावतीवर का दिसत नाहीत? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने वाहनाच्या देखभाल-दुरुस्तीला लागणारा वेळ कामाच्या तासांत धरला होता. तो कायदा आता २०२० च्या संहितेत विलीन झाला, म्हणून कामगाराने ती मिनिटे फुकट द्यायची असे ठरत नाही.

ट्रेलरचा ड्रायव्हर बहुधा कोणत्याच युनियनमध्ये नसतो. त्याच्या वतीने बोलायचे तर यार्डात पगारी नोकरी करणाऱ्या आपल्यालाच बोलावे लागेल. प्रत्येक शाखेने आपल्या व्यवस्थापनाकडे लेखी मागावे: फाटकाच्या आत एक उजेडाची जागा, तिथे टेस्ट लॅम्प, मीटर, बल्ब, फ्यूज आणि एक चांगली केबल, तपासणीची वेळ कामात धरलेली, आणि दोष नोंदवण्याची वही, जिची एक प्रत ड्रायव्हरच्या खिशात जाईल.