फळ्यावरचं उतरवून घेणं म्हणजे लेखन नव्हे



आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासवर्ग चालतो. दुसरीतल्या एका मुलीची वही तिच्या आईनं मोठ्या अभिमानानं आणून दाखवली. चाळीसेक पानं, रोज एक पान शुद्धलेखन, अक्षर असं की कुणालाही हेवा वाटावा. मी पोरीला म्हटलं, "आज सकाळी काय खाल्लंस ते लिही बरं." तिनं पेन्सिल धरली, थोडा वेळ कोऱ्या पानाकडं बघितलं आणि विचारलं, "दादा, तुम्ही फळ्यावर लिहून देता का?"

मुलगी हुशार आहे. तिच्या बाईही कामचुकार नाहीत, पहिली ते चौथीचे वर्ग दोघीजणी मिळून सांभाळतात. शिक्षण हक्क कायद्यानं साठपर्यंत पट असेल तर दोनच शिक्षक दिलेत, म्हणजे एका बाईपुढं एकाच वेळी दोन इयत्ता. एका इयत्तेला शिकवायचं तर दुसरीला गप्प बसवावं लागतं आणि गप्प बसवायचा सोपा मार्ग एकच, फळ्यावर दहा ओळी लिहायच्या आणि "उतरवून घ्या" म्हणायचं. असं पहिलीपासून चौथीपर्यंत चालतं. चार वर्षांनी मूल कुणाचंही वाक्य सुरेख उतरवतं, पण स्वतःचं एकही वाक्य त्याला लिहिता येत नाही.

आपल्या चळवळीत शिक्षणावर पुष्कळ बोललं जातं. शिष्यवृत्ती, वसतिगृहं, आरक्षण, खाजगीकरण यावर बोलायलाच हवं. पण पहिली-दुसरीच्या वर्गात नेमकं काय होतं यावर आपल्यातला कार्यकर्ता क्वचितच बोलतो. ते बाईंचं काम, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं आहे की दुसऱ्याचं उतरवणारा आणि स्वतःचं लिहिणारा हा भेद पहिली-दुसरीतच पडतो आणि पुढची कोणतीही शिष्यवृत्ती तो भरून काढत नाही.

१८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. मांग समाजातली ही मुलगी, फुले दांपत्याच्या शाळेतली विद्यार्थिनी. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलं आणि ज्या धर्मात आम्हाला जागा नाही तो आमचा कसा, असा सवाल एकेकाळच्या पेशव्यांच्या पुण्यात उभा केला. आपण दरवर्षी तिचं नाव घेतो. पण एका गोष्टीकडं आपलं लक्ष जात नाही. ती मोजकी वर्षं शाळेत गेलेली मुलगी होती, आणि तेवढ्या शिक्षणात ती स्वतःचं म्हणणं स्वतःच्या वाक्यांत मांडू शकत होती. आज चौथी पास झालेल्या आपल्या लेकराला 'माझी शाळा' या विषयावर पाच ओळी लिहायला सांगा. बहुतेक वेळा 'माझ्या शाळेचे नाव अमुक आहे, माझी शाळा मला खूप आवडते' हे पाठ केलेलं उत्तर येईल. शाळा आवडत नसली तरी तेच.

यावर उपाय म्हणून वर्गात लेखन कोपरा असावा, असं आता सगळीकडं ऐकू येतं. अमेरिकेत लहान मुलांच्या वर्गांत हे जुनं आहे. आपल्याकडं २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही वर्गात असे कोपरे करा असं म्हटलंय. पण 'कोपरा' म्हटलं की आपल्याला दुसरंच काही आठवतं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्या भिवाचं नाव दाखल झालं त्याला वर्गात वेगळं, कोपऱ्यात बसावं लागे. बसायचं गोणपाट स्वतःचं, घरून आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं, कारण शाळा झाडणारा गडीसुद्धा त्याला हात लावत नसे. पुढं मुंबईत एल्फिन्स्टनला गणित सोडवायला फळ्याकडं बोलावलं, तर फळ्यामागं ठेवलेले डबे बाटतील म्हणून मुलं धावली. वर्गातला कोपरा आणि वर्गातला फळा या दोन्ही जागांना आपल्यासाठी असा इतिहास आहे. म्हणून लेखन कोपरा करायचा तर तो कुणासाठी, हे पहिल्या दिवशीच ठरवावं लागतं.

आणि इथंच बहुतेक शाळा चुकतात. कोपरा मांडला जातो, रंगीत कागद लागतात, अधिकारी येऊन फोटो काढतात. मग नियम होतो, 'ज्याचं काम आधी होईल त्यानं कोपऱ्यात जाऊन लिहायचं.' वरवर निरुपद्रवी वाटणारा नियम आहे. पण काम आधी कुणाचं होतं? ज्याच्या घरी आदल्या रात्री कुणी शेजारी बसून वाचून घेतलंय त्याचं. जिची आई धुणीभांडी करून आठला घरी येते, किंवा जे लेकरू ऊसतोडीवरून फेब्रुवारी-मार्चला परत येऊन वर्गात बसलंय, त्याचं उतरवून घेणं घंटा होईपर्यंत संपतच नाही. म्हणजे ज्याला स्वतःचं लिहिण्याची सर्वांत जास्त गरज, तोच कोपऱ्यापर्यंत कधी पोचत नाही. त्यामुळं कोपरा पाळीनं असला पाहिजे. भिंतीवर वारांची पट्टी लावायची, त्यात प्रत्येकाचं नाव, आणि काम झालेलं असो वा नसो, पाळी आली की जायचंच.

विहारात आम्ही हे कसं केलं ते सांगतो, कारण 'आमच्याकडं साधनं नाहीत' हे वाक्य फार ऐकलंय.

खिडकीखाली सतरंजी, सगळ्यांना एकच. बुटांची तीन खोकी. एका खोक्यात कागद, म्हणजे जुन्या कॅलेंडरची पानं, झेरॉक्सवाल्याकडचे एका बाजूनं कोरे वाया गेलेले कागद आणि लग्नपत्रिका. लग्नपत्रिकेची मागची बाजू कोरी, जाड आणि गुळगुळीत असते, पोरांना तीच सर्वांत आवडते. पुढच्या बाजूला काका, आत्या, मामा, गावांची नावं असतात, ती शोधून वाचणं हा वेगळाच खेळ होतो. दुसऱ्या खोक्यात पेन्सिली. खोडरबर मुद्दाम ठेवलेलं नाही. चुकलं तर आडवी रेघ मारायची आणि पुढं जायचं. रबर असलं की मूल अर्धा तास एकच शब्द खोडत बसतं आणि शेवटी कागद फाटतो. तिसरं खोकं टपालपेटीचं, वर भोक पाडलेलं.

काम तीनच, आणि ती वर्षभर बदलत नाहीत. चित्र काढून त्याखाली एक वाक्य लिहायचं. कुणालाही चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. किंवा दोन कागद मधोमध दुमडून, गोधडीच्या दोऱ्यानं टाका घालून आठ पानांचं पुस्तक करायचं आणि ते भरायचं. काम तेच राहतं, मजकूर मुलाचा असतो, म्हणून शिकवणाऱ्याला रोज नवी तयारी करावी लागत नाही. दोन इयत्ता सांभाळणाऱ्या बाईंना परवडेल अशी ही एकच रीत आहे. रोज नवी कार्डं कापायला लावणारे उपक्रम आठवडाभरात बंद पडतात, हे मी पुरेसं बघितलंय.

पहिले काही दिवस फार वाईट जातात. मुलं फळ्याकडं बघतात, एकमेकांचं बघून लिहितात. ज्याला अक्षरं येत नाहीत ते नुसत्या रेघोट्या ओढतं. ओढू द्यावं, आणि "काय लिहिलंस, वाचून दाखव" म्हणावं. ते मूल रेघोट्यांवर बोट ठेवून अख्खी गोष्ट सांगतं. त्यातला एक शब्द आपण त्याच्या देखत त्या कागदावर लिहून द्यायचा. न्यूझीलंडमध्ये सिल्विया ॲश्टन-वॉर्नर नावाच्या शिक्षिकेनं माओरी मुलांना असंच शिकवलं होतं. पुस्तकातला शब्द आधी न देता ती प्रत्येक मुलाला विचारायची, तुला आज कोणता शब्द हवा? तोच कार्डावर लिहून द्यायची. १९६३ साली आलेल्या तिच्या 'टीचर' या पुस्तकात हे सगळं आहे. गोऱ्यांच्या पाठ्यपुस्तकातलं घर माओरी मुलाचं घर नव्हतं, हे तिला कळलं होतं.

आपल्या मुलांचं घर तरी आपल्या वर्गात कुठं असतं? त्या दुसरीतल्या मुलीनं तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा स्वतःचं लिहिलं, "मह्या आज्जीनं बोंबील भाजले. लई धूर झाला. मांजर आलं." माझ्या मते त्या चाळीस पानांपेक्षा या तीन वाक्यांची किंमत जास्त आहे. पण आमच्याच वर्गाला मदत करणाऱ्या, चांगल्या शिकलेल्या एका कार्यकर्त्यानं लाल पेन काढून 'मह्या'चं 'माझ्या' केलं, 'लई'चं 'खूप' केलं, आणि तिला हळूच सांगितलं, "बोंबलाचं शाळेत लिहायचं नसतं, पोळी-भाजी लिही." तो वाईट माणूस नाही. त्याला त्याच्या लहानपणी कुणीतरी हेच सांगितलं असणार.

याच वर्गात एका मुलानं 'सकाळी शिरा-पुरी खाल्ली' असं लिहिलं होतं. विचारल्यावर कळलं की त्यानं चहात बुडवून शिळी भाकर खाल्ली होती. लिहायचं म्हणजे शिरा-पुरीच लिहायची असते, असं त्याला वाटत होतं. सात वर्षांचं मूल कागदावर पहिलं स्वतंत्र वाक्य लिहितं आणि ते खोटं असतं, घर लपवण्यासाठी लिहिलेलं असतं. आपण मोठेपणी आडनाव लपवतो त्याची सुरुवात अशी होते.

इथं आपल्यातलेच लोक हरकत घेतात. उद्या स्पर्धा परीक्षा द्यायच्यात, प्रमाणभाषा यायलाच हवी, घरची बोली लिहायला लावून तुम्ही पोरांना मागं ठेवताय. हरकत खोटी नाही. प्रमाण मराठी यायला हवी, इंग्रजीही यायला हवी. बाबासाहेबांची इंग्रजी आठवून कुणी वेगळं म्हणू शकणार नाही. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. आधी मुलाला लिहायला काहीतरी आहे असं वाटू द्या, नंतर तेच वाक्य शाळेच्या भाषेत कसं लिहितात ते शेजारी लिहून दाखवा. दोन्ही वाक्यं कागदावर राहू द्या, एकावर काट मारू नका. उलट्या क्रमानं शिकवलं की भाषा शुद्ध होते आणि बोलायला काहीच उरत नाही. असे पदवीधर आपल्याकडं कमी आहेत का?

दुसरी एक चूक आपल्या बाजूनं होते. मूल वस्तीतलं आहे म्हणून त्यानं दुःखच लिहावं, अशी अपेक्षा आपण करतो. ज्याला पतंगाबद्दल लिहायचंय त्याला पतंगाबद्दल लिहू द्या. त्याच्या चिठ्ठ्या उद्या आपल्या भाषणात वाचायला नाहीत.

आता पैशांचं. जुन्या खोक्यात हे सगळं होतं म्हणून सरकारची सुटका होत नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा घाट २०२३ मध्ये घातला गेला, तेव्हा कमी खर्चाचीच भाषा होती. आमचा कोपरा स्वस्त आहे म्हणून शिक्षकाचं पद कापा असं कुणी म्हणालं, तर कोपरा उचलून रस्त्यावर मांडावा लागेल. आणि नुसता कागद देऊनही भागत नाही. २०२३-२४ मध्ये सरकारनं पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली होती. मी पाहिलेल्या पुस्तकांत त्या पानांवर फळ्यावरचे शब्दार्थ आणि प्रश्नोत्तरंच उतरवलेली होती. २०२५-२६ पासून ती पानं काढूनही टाकली. 'असर'ची चाचणी मुलाला वाचता येतं का आणि गणित येतं का हे तपासते. स्वतःचं एक वाक्य लिहिता येतं का, हे तिथंही मोजलं जात नाही. जे मोजलं जात नाही ते शाळेत मागं पडतं.

म्हणून मोजायला आपण लावायचं. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला, आणि वंचित गटांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या वस्तीतली एखादी ताई त्या समितीवर आहेच, बहुतेक वेळा फक्त सहीपुरती. पुढच्या बैठकीला तिच्यासोबत जा. खिचडी आणि गणवेशाचे विषय झाले की तिला एवढंच विचारायला सांगा, "बाई, माझ्या पोरानं फळ्यावर बघून न लिहिलेलं एक पान दाखवता का?" बाईंकडं पान नसेल तर बाईंवर ओरडू नका. बुटांची तीन खोकी आणि लग्नपत्रिकांचा गठ्ठा सोबत घेऊनच जा, आणि कोपरा कुठं मांडायचा ते त्यांनाच विचारा.