जुन्या लहान ट्रॅक्टरांचा सायलेन्सर: एकट्याची खरेदी कीं सर्वांची मागणी?

हसनाबाद व आसपासच्या गांवांतून ज्या बागाइतदारांनीं आणि कपाशी करणाऱ्या शेतकऱ्यांनीं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं लहान ट्रॅक्टर घेतले, त्यांच्या तोंडून सध्यां एकच तक्रार वारंवार ऐकूं येते. इंजिन धड आहे, गिअर धड आहेत, कोळपणी-फवारणीचें काम ट्रॅक्टर अजूनहि बिनतक्रार करतो. परंतु धूर बाहेर टाकणारा सायलेन्सर सडून गेला आहे, आणि त्या मापाचा नवा कोठें मिळत नाहीं. मिळालाच तर त्याची किंमत ऐकून मालक हात आंखडतो. मग कोणी पत्र्याचें ठिगळ मारतो, कोणी उघडी नळी लावतो, आणि कोणी कंटाळून सबंध ट्रॅक्टरच भंगारांत घालतो. वरवर पाहतां ही गोष्ट क्षुल्लक दिसते. परंतु एका पत्र्याच्या डब्यापायीं चालतें यंत्र घालवावें, यासारखी उधळपट्टी आपल्या धंद्यास परवडणारी नाहीं. आमचें मत असें आहे कीं, या अडचणीचें कारण कारागिरांची उणीव हें नसून मागणी विखुरलेली असणें हें आहे, आणि ती एकत्र करणें हें शेतकऱ्यांच्या संघाचेंच काम आहे.

प्रथम ही अडचण उत्पन्न कशी होते तें पाहूं. आपल्या देशांत पहिला देशी बनावटीचा ट्रॅक्टर आयशर कंपनीनें १९५९ सालीं फरिदाबाद येथें बाहेर काढला. पुढें २००५ सालीं हा ट्रॅक्टरांचा धंदा टॅफे कंपनीकडे गेला. एच.एम.टी. या सरकारी कंपनीनें १९७१ सालीं पिंजोर येथें झेकोस्लोव्हाकियाच्या झेटर जातीचे २५ अश्वशक्तीचे ट्रॅक्टर बनविण्यास आरंभ केला. २०१६ सालीं केंद्र सरकारनें हा विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. अशा रीतीनें कारखाने हात बदलतात, कांहीं बंद पडतात, आणि जे चालू राहतात तेहि जुने नमुने सोडून नवे काढतात. शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारीं उभा असलेला ट्रॅक्टर मात्र तोच राहतो. पिस्टन, गाळणी, बेअरिंग असले भाग पुष्कळ इंजिनांत सारखे असल्यामुळें दुकानदार ते ठेवतो. सायलेन्सराचें तसें नाहीं. त्याची चकती, भोकांचें अंतर, नळीचा बांक आणि लांबी हीं नमुन्यानमुन्यागणिक निराळीं असतात. वर्षांतून एखादें गिऱ्हाईक येईल अशी वस्तु दुकानांत अडकवून ठेवण्यास कोणताहि व्यापारी राजी होत नाहीं, आणि त्याबद्दल त्यास दोष देण्यांतहि अर्थ नाहीं.

आतां सायलेन्सर सडतो कां, हेंहि समजून घेतलें पाहिजे. एक लिटर डिझेल जळलें म्हणजे त्यापासून वाफेच्या रूपानें सुमारें एक लिटर पाणी तयार होतें. इंजिन चांगलें तापलेलें असेल तर ही वाफ नळीवाटे निघून जाते. परंतु ट्रॅक्टर पांच मिनिटें चालवून गोठ्यापासून विहिरीपर्यंत नेला आणि बंद केला, म्हणजे ती वाफ थंड पत्र्यावर निवून पाणी होऊन आंतच बसते. त्यांत काजळी मिसळते, आणि पत्रा आंतून खाल्ला जातो. बाहेरचा रंग शाबूत दिसतो, तोंवर आंतले पडदे गळून पडलेले असतात. उभ्या नळीच्या तोंडावर झांकण नसेल तर पावसाळ्यांत भर पडते ती निराळीच. सारांश, जो ट्रॅक्टर थोडथोडा चालतो त्याचा सायलेन्सर लवकर जातो, आणि आपले जुने लहान ट्रॅक्टर बहुधा असेच चालतात.

कित्येकांचें म्हणणें असें पडतें कीं, सायलेन्सर नसला म्हणून काय बिघडलें? उघड्या नळीनें ट्रॅक्टर चालतोच कीं! या समजुतीचा आम्ही स्पष्ट निषेध करतों. १९८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकीं १२० व्या नियमांत, शेतीच्या ट्रॅक्टरासहि सायलेन्सर असलाच पाहिजे, असें स्पष्ट म्हटलें आहे. परंतु कायद्यापेक्षांहि मोठी गोष्ट म्हणजे आपले कान. अमेरिकेंतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेनें ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत सहन करावा अशी मर्यादा घातली आहे, आणि आवाज दर ३ डेसिबलांनीं वाढला कीं ती मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबल आवाजांत पंधराच मिनिटें बसावें! मध्यप्रदेशांतील बुधनी येथील केंद्रीय संस्था ट्रॅक्टरांची परीक्षा करतांना चालकाच्या कानापाशीं होणाऱ्या आवाजाची नोंद घेते, ती उगीच नव्हे. कानाची गेलेली शक्ति परत येत नाहीं. जो तरुण गडी आज दिवसभर उघड्या नळीशेजारीं बसून वखर चालवितो, त्यास चाळिशींत हांक ऐकूं आली नाहीं, तर त्याचें खापर आपण कोणावर फोडणार?

दुसरा धोका आगीचा. नळींत सांचलेल्या काजळीचे तांबडे कण जोराच्या धुराबरोबर उडतात. सायलेन्सराचे पडदे त्यांतील पुष्कळसे अडवितात व निववितात. उघडी नळी त्यांस सरळ बाहेर फेंकते. फाल्गुन-चैत्रांत, जेव्हां खळ्यांत गहू पडलेला असतो आणि शेजारीं कडब्याची गंजी उभी असते, तेव्हां अशी एक ठिणगी वर्षाची वैरण खाऊन टाकण्यास पुरेशी आहे. ठिगळ मारण्याचा उपायहि फार दिवस टिकत नाहीं. सडून पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डिंगचा टांका धरत नाहीं, आणि एक भोक बुजवितां बुजवितां दुसरीं दोन पडतात. एखादा हंगाम काढण्यापुरतें ठिगळ ठीक. तो कायमचा इलाज नव्हे.

तर मग नवा सायलेन्सर स्थानिक कारखान्यांतून करून कां घेऊं नये? करून घेतां येतो. त्यांत अवघड असें कांहींच नाहीं. सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा रुळांत वळवून त्याचें नळकांडें करावयाचें, दोन्हीं तोंडांस दाबून काढलेलीं झांकणें बसवावयाचीं, आंत भोकांची नळी व पडदे टांकावयाचे, आणि इंजिनास बसणारी जाड चकती जोडावयाची, एवढेंच तें काम. आपल्या जिल्ह्याचें ठिकाण जें जालना, तेथें भंगार वितळवून सळया ओढण्याच्या भट्ट्या व गिरण्या आहेत, आणि पत्र्याचें व वेल्डिंगचें काम करणारे कारागीरहि आहेत. पलीकडे छत्रपति संभाजीनगरजवळ वाळूज येथें तर मोटारींचे सुटे भाग बनविण्याचा मोठाच धंदा चालतो. विचित्र प्रकार असा कीं, ज्या जालन्यास आपला चालता ट्रॅक्टर किलोच्या भावानें भंगारांत जातो, त्याच जालन्यांत त्याचा सायलेन्सर बनवूं शकणारे हात आहेत!

अडचण आहे ती खर्चाच्या हिशेबांत. झांकणें दाबण्याचा साचा, चकतीचीं भोकें बिनचूक पाडण्याचा ठोकळा आणि नळीचा बांक जुळविण्याचा आराखडा हीं एकदांच करावीं लागतात. मग नग एक करा कीं शंभर करा. उदाहरणासाठीं असें धरूं कीं या तयारीस २४,००० रुपये लागतात, आणि प्रत्येक नगास पत्रा व मजुरी मिळून १,४०० रुपये पडतात. एकट्या शेतकऱ्यानें मागणी केली तर त्याचा सायलेन्सर २५,४०० रुपयांस पडेल. बारा जणांनीं मिळून केली तर प्रत्येकीं ३,४०० रुपये, आणि चाळीस जणांनीं केली तर केवळ २,००० रुपये. हे आंकडे आम्हीं हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्यक्ष भाव कारागिराकडूनच घ्यावा लागेल. परंतु हिशेबाची रीति हीच राहील. कारागीर एकट्या गिऱ्हाइकास अवाच्यासवा किंमत सांगतो, ती नेहमींच लबाडी नसते. तयारीचा सर्व खर्च एकाच नगावर बसतो, हें त्याचें कारण असतें.

या बाबतींत आपल्या महाराष्ट्रांतील एक जुनें उदाहरण मननीय आहे. १९०३ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांव येथें लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशा समजुतीनें शेतकरी तो घेण्यास कचरत होते. पुढें १९१० सालीं कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर घरोघर गेला. नांगराचा फाळ झिजणारच. तो झिजल्यावर नवा फाळ हाताशीं मिळतो, अशी खात्री असल्यावांचून कोणताहि शहाणा शेतकरी लोखंडी नांगरावर पैसा घालणार नाहीं. जें अवजार झिजतें त्याचा झिजणारा भाग जवळपास तयार झाला, म्हणजेच तें अवजार खऱ्या अर्थानें आपलें होतें. नांगराच्या फाळास जो न्याय, तोच ट्रॅक्टराच्या सायलेन्सरास लागू आहे.

म्हणून आमची सूचना अशी. पहिली गोष्ट, संघानें नमुन्यावार शिरगणती करावी: कोणत्या कंपनीचा, कोणत्या नमुन्याचा, किती अश्वशक्तीचा ट्रॅक्टर किती जणांकडे आहे, आणि त्यांपैकीं कितींना सायलेन्सर हवा आहे. हसनाबादपुरतीच नव्हे, तर भोकरदन तालुक्यांतील गांवांची व कडवंचीसारख्या द्राक्षबागांच्या गांवांचीहि यादी त्यांत मिळवावी, म्हणजे आंकडा फुगेल. दुसरी गोष्ट, सडलेला सायलेन्सर कोणीहि भंगारवाल्यास देऊं नये. तो लांबींत कापला म्हणजे आंतील पडदे किती, भोकें केवढीं व नळी किती व्यासाची हें दिसतें; बाहेरचें रूप हुबेहूब आणि आंतून पोकळ असा डबा काय कामाचा? आंतली वाट मूळच्यापेक्षां अरुंद झाली तर धूर कोंडतो, इंजिन जास्त तापतें, जोर कमी होतो आणि डिझेल जास्त जातें; म्हणून मापांच्या बाबतींत अंदाजावर जाऊं नये. तिसरी गोष्ट, सर्व नग एकदम करवूं नयेत. एक नमुना करून तो तीन निरनिराळ्या ट्रॅक्टरांवर बसवावा, कांहीं आठवडे ओढीच्या कामांत चालवावा, आणि मग उरलेल्यांची मागणी नोंदवावी.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. साचे व आराखडे हे कारागिराच्या नव्हे, तर संघाच्या मालकीचे असावेत, आणि तसें लेखी ठरवून घ्यावें. तसें न केल्यास तयारीचा खर्च आपण भरावयाचा, आणि पुढच्या वेळीं भाव मात्र त्यानें ठरवावयाचा, असा प्रकार होतो. साचा आपला असला म्हणजे एक कारागीर अडून बसला तर दुसऱ्याकडे जातां येतें. पांचवी गोष्ट, मूळ कंपनीचें नांव किंवा छाप या सायलेन्सरावर मुळींच घालूं नये. आपण बदली भाग करून घेत आहों, बनावट माल नव्हे. मागणी नोंदवितांना प्रत्येकानें निम्मी रक्कम आगाऊ भरावी, म्हणजे माल तयार झाल्यावर तो संघाच्या गळ्यांत पडणार नाहीं.

यावर एक आक्षेप असा येईल कीं, जुन्या ट्रॅक्टरास असें जगविण्यापेक्षां नवाच घ्यावा; नवा कमी डिझेल पितो आणि सरकारी अनुदानहि मिळतें. ज्याचें इंजिनच थकलें आहे त्याच्या बाबतींत हें म्हणणें खरें आहे, आणि त्यानें सायलेन्सरावर पैसे घालूं नयेत. परंतु ज्याच्याकडे चार-पांच एकर मोसंबी किंवा कपाशी आहे आणि ज्याचा ट्रॅक्टर वर्षांतून थोडेच तास चालतो, त्यानें केवळ सायलेन्सरासाठीं नवीन कर्ज डोक्यावर घ्यावें, हा सल्ला आम्हांस शहाणपणाचा वाटत नाहीं. दोन-चार हजारांनीं जें काम भागतें त्यासाठीं कांहीं लाखांचा बोजा कशाला?

जगांतहि वारें याच दिशेनें वाहत आहे. अमेरिकेंत १९४६ सालीं निघालेल्या व्हील हॉर्ससारख्या बागेच्या ट्रॅक्टरांचें उत्पादन थांबलें, तरी त्यांचे शौकीन मालक आपले जुने ट्रॅक्टर चालते ठेवून आहेत. तेथील कोलोराडो राज्यानें २०२३ सालीं शेतीयंत्रांची दुरुस्ती करण्याचा शेतकऱ्याचा हक्क कायद्यानें मान्य केला. आपल्या केंद्र सरकारनेंहि २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली, आणि तिच्या विषयांत शेतीचीं अवजारें घातलीं. हें सर्व स्वागतार्ह आहे. परंतु हक्क कागदावर आला म्हणून सुटा भाग आपोआप तयार होत नाहीं. तो कोणीतरी मागावा लागतो, आणि परवडेल अशा भावानें हवा असेल तर पुष्कळांनीं मिळून मागावा लागतो.

तरी आमची वाचकांस विनंती आहे कीं, ज्यांच्याकडे असे ट्रॅक्टर आहेत त्यांनीं कंपनी, नमुना, चकतीच्या भोकांचें मध्यापासून मध्यापर्यंतचें अंतर, नळीचा आंतील व्यास आणि सायलेन्सराची एकंदर लांबी, एवढी माहिती एका कागदावर लिहून संघाकडे द्यावी. खरीप हातावेगळा झाल्यावर ट्रॅक्टर जेव्हां थोडा मोकळा असतो, तेव्हां हें काम अर्ध्या तासांत होण्यासारखें आहे. आणि तोंवर निदान एवढें करावें: काम संपल्यावर उभ्या नळीच्या तोंडावर झांकण घालावें, ट्रॅक्टर चालू केला म्हणजे तो पुरता तापेपर्यंत चालवावा, आणि उघड्या नळीशेजारीं कोणासहि दिवसभर बसवूं नये.